बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका: श्वासाबाबतच्या या चुका टाळा

मे महिन्यात डिचोलीकडच्या आमच्या गावच्या तळीत पोरांच्या पैजा लागायच्या, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याच्या. मी बारा वर्षांचा असताना कुणीतरी युक्ती सांगितली: आधी वीस-पंचवीस श्वास जोरजोरात घे, मग बुडी मार. तसं केलं. बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, आणि पाण्याखाली खरंच श्वासाची ओढ लागेना. पुढचं मला आठवत नाही. चुलतभावाने केसांना धरून वर ओढलं म्हणून आज हे लिहितोय.

ही युक्ती अजूनही पोरं एकमेकांना शिकवतात, म्हणून नीट सांगतो. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीही 95 ते 99 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. भराभर श्वास घेऊन त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. शरीरातून निघून जातो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वासाची ओढ लावतो तो हाच. मेंदूचा खालचा भाग जिथे मज्जारज्जूला जुळतो तिथलं केंद्र या वायूमुळे वाढणारी आम्लता सतत जोखत असतं आणि रक्तातला त्याचा दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास राखतं. जॉन हाल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1905 मध्ये हे दाखवून दिलं. ऑक्सिजन मोजणाऱ्या पेशी मानेतल्या धमन्यांपाशी असतात, पण त्याचा दाब 60 च्या खाली उतरल्याशिवाय त्या जोराने हाक देत नाहीत. म्हणजे ती युक्ती करणारा आपल्याच हाताने धोक्याची घंटा बंद करतो. ऑक्सिजन संपत जातो, जीव घाबरा होत नाही, आणि शुद्ध हरपते. मग पाण्याखालीच श्वास सुरू होतो. पट्टीचा पोहणारा कंबरभर पाण्यातही असा जातो.

साधे एक-दोन श्वास घ्या, एकट्याने बुडी मारू नका, आणि काठावर नजर ठेवणारा मोठा माणूस हवाच. कुणाला बाहेर काढलं तर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला लागा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा. आपण सोडलेल्या हवेतही 16 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरलेला असतो, तेवढा पुरतो.

पपईच्या पोकळ देठातून पाण्याखाली श्वास घ्यायचा खेळही आम्ही खेळायचो. देठाच्या जागी लांब पाइप घेऊन खोल जायचा मोह होतो, तो टाळा. साधा श्वास अर्ध्या लिटरचा. पाइप लांब असला की त्यातली बरीचशी हवा पाइपातच अडकते, आणि सोडलेली हवाच परत आत येते. शिवाय मीटरभर खोलीवर पाणी छातीला असं दाबतं की ती फुगवणंच जड जातं.

जमिनीवरही हेच गणित चालतं. गर्दीत किंवा भीतीने श्वास भरभर होऊ लागला की कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात. अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावू नका. ती धाप दम्याची किंवा हृदयाची असली तर पिशवीने जीव धोक्यात येतो. माणसाला बसवा, श्वास सावकाश, लांबवत सोडायला सांगा. भजनात चरण एका दमात ओढायची सवय असलेल्यांना हे पटकन जमतं. छातीत दुखत असेल किंवा धाप पहिल्यांदाच लागली असेल तर थेट डॉक्टरांकडे न्या.

घरात फुप्फुसाचा जुना आजार असलेले आजोबा असतील तर ऑक्सिमीटरवर सगळा भरवसा ठेवू नका. तो ऑक्सिजन दाखवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. अशा काही रुग्णांना डॉक्टर मुद्दाम 88 ते 92 वर ठेवतात. आकडा 98 दिसावा म्हणून सिलिंडरचा प्रवाह परस्पर वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. आकडा उत्तम असूनही माणूस गुंगीत जात असेल, हाक मारली तरी नीट बोलत नसेल, तर झोप लागली असं समजू नका, लगेच 108 लावा.

आणि विहीर. पावसाआधी गाळ काढायला उतरताना कंदील सोडून बघतात. ज्योत विझली तर उतरू नका हे खरंच, पण ती जळत राहिली म्हणून विषारी वायू नाहीत असं होत नाही. आत ऑक्सिजन कमी असला तरी उतरणाऱ्याला गुदमरल्यासारखं वाटेलच असंही नाही. तो बोलता बोलता कोसळतो. त्याच्यामागे भाऊ उडी घेतो, आणि दोघेही जातात. वरच थांबा, 101 लावा, दोर सोडा.