शिबिराहून परतल्यावरचे चार आठवडे

मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या ख्रिस्ती युवक शिबिराहून परतणाऱ्यांबरोबर घरात दोन गोष्टी येतात: ओल्या कपड्यांची पिशवी आणि "आपल्या घरात नीट प्रार्थनाच होत नाही" हे वाक्य. पिशवी आल्याआल्या मोकळी करा. वाक्य मात्र महिनाभर पोटातच ठेवा.

पहिले दोन दिवस झोप काढा. जागरणाने आलेली चिडचिड आणि मन रिकामं वाटणं म्हणजे विश्वास थंडावला असं नव्हे. मग सांगितल्याशिवाय भांडी घासा, पाणी भरा, आजीला दवाखान्यात न्या. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बरा झालेला माणूस येशूबरोबर मचव्यात चढू पाहतो. येशू त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. घरचे आधी वागणं बघतात, मग बोलणं ऐकतात.

शिबिरात घंटा होती, पुढारी होते, बरोबर जागणारी मुलं होती. घरी यातलं काहीच नसतं. म्हणून "रोज पहाटे पाचला एक तास" हा तिथला निश्चय जूनच्या मध्यात, शाळा-कॉलेज आणि शिकवणी सुरू झाली की मोडतो. पंधरा मिनिटं ठरवा. वेळ आणि जागा तीच, फोन दुसऱ्या खोलीत. मार्कचे 16 अध्याय रोज एक या हिशेबाने घ्या. चौदावा 72 वचनांचा आहे, तो दोन दिवसांत वाचा. म्हणजे 17 दिवस झाले. वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय उरकू नका. थकबाकी साठत गेली की वही बंद होते.

घरी कौटुंबिक प्रार्थना होत असेल तर तिच्यात बसा, ती ताब्यात घेऊ नका. होत नसेल तर आईवडिलांना विचारून जेवणानंतर दहा मिनिटं सुरू करा: एक गीत, एक छोटं स्तोत्र (117वं तर दोनच वचनांचं आहे), एक प्रार्थना. गीत आजीने निवडावं. बाबा बसत नसतील तर जे बसतात त्यांच्याबरोबर करा, पण बाबांचा टीव्ही बंद करू नका.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सांगायचा असेल तर पाळकसाहेबांना दोन दिवस आधी विचारा आणि तीन मिनिटांत संपवा: आधी काय होतं, शिबिरात काय झालं, आता काय बदलणार. दुसऱ्याने रडत सांगितलेलं काहीही त्यात येता कामा नये. शिबिराची फी मंडळीने (आपल्या चर्चने) किंवा महिला मंडळाने भरली असेल तर आभार तिथेच माना. लोक हे हमखास विसरतात.

खरी ठिणगी गाण्यांवरून पडते. गिटारवरची कोरस गाणी कानात असताना पेटी-तबल्यावरचं भजन संथ वाटतं. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला अभंग-ओवीच्या वळणाची गाणी दिली, ती त्याला आपल्याच भाषेत देवाशी बोलता यावं म्हणून. आधी त्यांतली दोन पाठ करा, मगच नवं गाणं सुचवा, तेही मंडळीच्या तरुण संघाच्या सभेत.

मंडळीत एकच ठरलेलं काम मागा: संडे स्कूलमध्ये मदतनीस, माईक लावणं किंवा खुर्च्या मांडणं. आठ रविवार सलग करा. पहिल्याच महिन्यात चार कामं अंगावर घेणारा परीक्षा आली की चारही सोडतो.

शिबिरात कुणी मारहाण, लैंगिक छळ किंवा जीव देण्याचे विचार बोलून दाखवले असतील तर "कुणाला सांगू नकोस" हे वचन पाळायचं नाही. त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 1098 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. जीव धोक्यात असेल तर लगेच 112.

तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाच्या घरी जावं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर फक्त सुप्रभातचे संदेश उरलेले असतात. चहा घ्यावा, शिबिरात लिहिलेली निश्चयाची चिठ्ठी मागू नये, वही कुठवर आली एवढंच विचारावं.