इशारा लागला की माडावर चढायचं नाही

३१ मे २०२० ला अरबी समुद्रात नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं. १ जूनला त्याचं डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची पायरी) झालं, २ जूनला दुपारी चक्रीवादळ, नाव पडलं ‘निसर्ग’, आणि ३ तारखेला ऐन जेवणवेळेला ते आपल्या कोकणातल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर आलं. पहिली बातमी कानावर पडल्यापासून धड तीन दिवससुद्धा हातात नव्हते. त्या तीन दिवसांत नारळ पाडणारा माणूस मिळवायला सगळं गाव एकदम धावलं. एकच माणूस, पन्नास वाड्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा. माझ्या वाडीचा नंबर काही लागला नाही. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलंय.

अरबी समुद्रातल्या वादळांचे हंगाम वर्षातून दोन: पावसाच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ चं. ‘क्यार’ २०१९ च्या दिवाळीतलं. ते किनाऱ्याला लागलंही नाही, तरी कापून खाचरात पसरलेलं भात भिजवून गेलं. ‘तौक्ते’ १६-१७ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत सौराष्ट्रात शिरलं, आणि जाता जाता झाडावरचा राहिलेला हापूस खाली झोडून गेलं. (तौक्ते म्हणजे ब्रह्मी भाषेत ओरडणारी पाल. नावं अशीच असतात, त्यावरून जोर ओळखू नये.) तेव्हा ‘वादळ किनाऱ्यावर येणार की नाही’ यावर पैज लावत बसण्यात अर्थ नाही. शंभर-दीडशे किलोमीटर दूरून गेलं तरी बागेचं व्हायचं ते होतंच.

हवामान विभागाचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि वादळ जमिनीवर यायच्या १२ तास आधी लाल. आपण बहुतेक जण लाल रंग दिसल्यावर कोयता शोधतो. माझं म्हणणं उलट आहे. झाडावर चढून करायची जेवढी कामं आहेत, ती समुद्र शांत असतानाच, एप्रिल आणि सप्टेंबरात, उरकायची. पूर्वसूचना आली की काढणी आणि आवराआवर. पिवळा लागला की पाय जमिनीवर. पन्नास फुटांवर माड झोकांड्या खात असताना वर गेलेला माणूस चार शहाळ्यांसाठी जीव टांगतो, आणि त्याला वर पाठवणारे आपणच असतो.

झाडावरची कामं

माडाची सुकलेली आणि लोंबणारी झावळी, जुन्या पोया, वाळलेली जाळी उतरवा. तयार नारळाचे घड काढून घ्या. वाऱ्यात सुटलेला नारळ कौलांतून थेट चुलीपर्यंत येतो. पण हिरवी झावळी मात्र राहू द्या. ‘वारा लागायला नको’ म्हणून शेंड्यावर चार पाती ठेवून बाकी सगळं छाटणारे मी पाहिलेत. अशा माडाचं पुढचं उत्पन्न गेलंच, शिवाय कोवळ्या कोंबाचा आधारही गेला. माडाचं खोड तंतूंचं, ते वाकतं आणि परत उभं राहतं. त्याला मोकळं करा, बोडकं करू नका.

पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, तसं नाही. खोड सडपातळ, उंची माडाच्या जवळपास. निसर्गच्या दुपारी घरात बसून आम्हाला पोफळी मोडताना ऐकू येत होत्या. ऊस मोडावा तसा आवाज, एकामागून एक. एक मोडली की ती शेजारणीवर आणि ती तिच्या शेजारणीवर. पोफळीला शेंड्याला एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेलं, खाली फूट नाही. त्यामुळे पोफळीला वादळाच्या आदल्या दिवशी करण्यासारखं काही नसतं. जे करायचं ते लागवडीत आणि कुंपणात. समुद्राच्या बाजूला सुरू, उंडी, बांबू अशी दोन-तीन ओळींची, थोडी विरळ कुडण, म्हणजे झाडांचं कुंपण, हवी. भिंतीसारखी गच्च नको. गच्च अडथळ्यावरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा घालून खाली आपटतो. विरळ कुडणीतून तो गाळून येतो, आणि वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण ताशी ६० चा वारा १२० झाला तर झाडावरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो.

आंब्याच्या कलमांत मी पहिलं काम बांडगुळाचं धरतो. बांडगुळाने लदलेली फांदीच आधी मोडते आणि जाताना खोडाची सालही सोलून नेते. काढणी झाल्यावर कलमाचा मधला भाग उघडा करा, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या कमी करा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. काजू मुळातच ठिसूळ. त्याचा पसारा आटोक्यात ठेवणं एवढंच हातात आहे.

पूर्वसूचना आल्यावर

चौदा आणे तयार झालेला (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) आंबा झाडावर ठेवून आणखी दोन दिवसांनी जास्त भाव मिळेल हा हिशेब वादळाच्या तोंडावर करू नका. झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या आकडीने) उतरवा, बारा आणेवालाही घ्या. आढीत, गवतात रचून ठेवला, की तो पिकेल, जमिनीवर आपटलेला पिकत नाही, सडतो. केळीचा तयार घड उतरवा. जिचा घड अजून कोवळा आहे, तिची खालची निम्मी पानं काढून दोन बांबूंची कैची लावा. लहान कलमांना काठीचा आधार असतोच, पण सुतळीची गाठ सालीवर आवळून बांधलेली असते. ती सोडून सुंभाने सैल, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फेरा द्या, म्हणजे झाड हलेल पण घासणार नाही. रोपवाटिकेतल्या पिशव्या आडव्या करून ठेवा आणि शेडनेटचं कापड उतरवून गुंडाळा. कापड ठेवलंत तर कापडासकट खांब जातात.

भाताचं म्हणाल तर रोहिणीत पेरायची घाई असते. पण वादळाचा पाऊस तरव्यातलं (रोपांच्या वाफ्यातलं) बी धुऊन नेतो, म्हणून ते दोन दिवस बियाणं घरातच बरं. नोव्हेंबरात उलट. कापणीला आलेलं भात आधी कापा, पण कापलेलं खाचरात ठेवू नका. भारे बांधून उंचवट्यावर उडवी (भाऱ्यांचा ढीग) रचा, कणसं आत, बुडखे बाहेर, वर प्लॅस्टिक आणि त्यावर दगड.

मग घराकडे वळा. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. विहिरीवरचा पंप काढून घरात आणा, टाक्या भरून घ्या. करवत, कोयते, चेनसॉची जादा चेन, पेट्रोल आणि ऑईल आत्ताच आणून ठेवा. वादळानंतर यातलं काही मिळत नाही आणि पैसे काढायला एटीएमही चालत नाही. गोठ्याचे पत्रे सैल असतील तर जनावरं तिथं बांधू नका. उंच जागी, मोठ्या झाडांपासून लांब, दावं सोडून ठेवा. बांधलेलं जनावर पळू शकत नाही.

खाडीकाठच्या खार जमिनीत बांध आणि उघाडी (बांधातलं पाण्याचं झडपेचं दार) तपासा. झडपेत अडकलेला ओंडका म्हणजे उधाणाचं पाणी थेट शेतात. वादळ कोणत्या तिथीला येतंय तेही बघा. निसर्ग वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलं होतं, म्हणजे भरती तशीही चढतीच होती, वर वादळाने समुद्र आणखी उचलला.

एक गोष्ट बाहेर असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे वादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ ईशान्येकडे सरकत असेल तर त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे केंद्राच्या दक्षिणेला, मार जास्त. निसर्गच्या वेळी दक्षिणेकडच्या, दापोली तालुक्यातल्या केळशी-आंजर्ल्याला किती मार बसला ते आठवा. आणि केंद्र डोक्यावरून जात असेल तर मध्येच वारा पडतो, ऊनसुद्धा दिसतं. तेव्हा वाडी बघायला बाहेर पडू नका. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, आणि आधीच एका बाजूला मुळं ढिली झालेली झाडं त्यातच पडतात.

वादळ गेल्यावर

तोडायच्या आधी फोटो. प्रत्येक कोपऱ्यातून, तारीख दिसेल असे, आणि पडलेल्या झाडांची जातवार मोजदाद वहीत. हे काम खरं तर एप्रिलमध्येच सुरू होतं: सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, ई-पीक पाहणी (मोबाईलवरून करायची पिकांची नोंद) झाली आहे का. आपल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, एकाच जागेत माड, पोफळ, जायफळ आणि वर चढलेली मिरी. हेक्टरी हिशेबात यातलं निम्मं दिसतच नाही. माझ्या पंचनाम्यात मिरीचे वेल आलेच नाहीत, कारण ते कागदावर कुठे नव्हतेच. पोफळीबरोबर ते जमिनीवर झोपले होते, एवढंच.

उन्मळलेलं मोठं झाड कापताना जपा. बुंध्याचा भार कमी झाला की मुळांचा गड्डा झटक्याने परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कुणी उभं राहू नये, मुलांनी तर नाहीच. वीजवाहिनी पडली असेल तर ती मेलेली आहे असं गृहीत धरू नका.

कललेली तरुण कलमं आणि कोवळे माड वाचतात, पण पहिल्या तीन-चार दिवसांत उभे केले तर. तोवर मुळं ओल्या गोणपाटाखाली ठेवा. फाटलेली मुळं साफ कापा, आंब्याचा निम्मा पसारा उतरवा, हळूहळू ओढून सरळ करा, तीन बाजूंनी टेके द्या, माती चेपा. ट्रॅक्टरने हिसका दिलात तर उरलेली मुळंही तुटतात. लगेच खत घालू नका. खाऱ्या वाऱ्याने पानं करपली असतील तर लहान झाडं गोड्या पाण्याने धुवून काढा. मोठ्यांना पाऊस धुतो. करपलेला माड मेला असं ठरवायची घाई नको. मधला कोंब हिरवा आहे तोवर थांबा, शेंडा साफ करून एक टक्का बोर्डो मिश्रण (तेच मोरचूद आणि चुना, पण पातळ) ओता, म्हणजे कोंब कुजणार नाही.

आणि पडलेली खोडं. निसर्गनंतर लोकांनी ती कुंपणाकडेला लोटून दिली, मीही दिली. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंग्याची अंडी पडतात, आणि वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब काही महिन्यांत तोच भुंगा कातरायला लागतो. जखमी माडाच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो. तेव्हा ओंडके करून चिरा, वाळवा, जळणाला द्या, पण कुजत ठेवू नका. शेणखताच्या खड्ड्यातही हा भुंगा वाढतो, तिथं त्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. उभ्या माडांच्या शेंड्यात, झावळीच्या बेचक्यात, तीन-चार डांबरगोळ्या वाळूने झाकून ठेवा आणि दीड महिन्याने बदला. यासाठी माडावर चढावं लागतं खरं, पण तोवर वारा पडलेला असतो आणि नारळ पाडणारा माणूसही मोकळा झालेला असतो.