ग्रहीय तेजोमेघाचा फोटो काढताय? या चुका टाळा

मोठ्या, अंधूक तेजोमेघांवर हात बसलेली मंडळी ग्रहीय तेजोमेघाकडे (म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूच्या कवचाकडे; ग्रहांशी त्याचा संबंध नाही) वळतात आणि जुनीच सेटिंग्ज ठेवतात. हे तेजोमेघ आकाशात इवलेसे असतात, पण गाभा चांगलाच तेजस्वी.

कालेय तारकासमूहातला कॅट्स आय घ्या. त्याचा तेजस्वी भाग जेमतेम २० विकलांचा (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). आमच्या गटातल्या एका तरुणाने त्याची रात्रभर पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर घेतली. आकाश स्वच्छ, ट्रॅकिंग सुरेख, मधोमध मात्र पांढराफटक ठिपका. 'सॉफ्टवेअरमध्ये आतलं काढता येईल ना?' नाही येत. पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की तपशील नोंदलाच जात नाही. मग कितीही फ्रेम स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एकत्र करा. तो हिस्टोग्राम, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत ते दाखवणारा आलेख, बघत होता, पण लाखो पिक्सेलमध्ये त्या चिमुकल्या गाभ्याचा हिस्टोग्रामला पत्ताही लागत नाही. पुढच्या स्वच्छ रात्री त्याला पाच-दहा सेकंदांच्या भरपूर फ्रेम घ्यायला लावल्या, तेव्हा आतली कवचं उलगडली. लांब एक्स्पोजरही कामी आली. बाहेरचं अंधूक प्रभामंडळ त्यांतूनच मिळालं. मी नेहमी एक चाचणी फ्रेम घेऊन गाभ्यावर कर्सर नेतो. तिथल्या पिक्सेलच्या उजळपणाचा आकडा कमाल मूल्याच्या अर्ध्यापुढे गेला, की वेळ कमी करतो.

फोकल लेंथचं गणितही आधी करा. एम५७ हा ग्रहीय तेजोमेघ साधारण दीड कलेचा. ४०० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीवर, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तो ४५ पिक्सेलांत आटोपतो. २००० मिमीवर सव्वादोनशेच्या आसपास जातो. छोट्या दुर्बिणीवर बार्लो (फोकल लेंथ वाढवणारं भिंग) ठोकून सुटका होत नाही, हवा अस्थिर असेल तर धूसरपणाच मोठा होतो. छोटी दुर्बीण असेल तर आठ कलांच्या एम२७ या ग्रहीय तेजोमेघापासून सुरुवात करा.

सॉफ्टवेअरमधलं 'हिरवा रंग काढा' हे बटण डोळे मिटून दाबणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवरचा ऑक्सिजनचा निळसर हिरवा प्रकाश हीच तर या तेजोमेघांची ओळख! विल्यम हगिन्स या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये कॅट्स आयच्या वर्णपटात याच रेषा पाहिल्या. आधी ताऱ्यांवरून रंगसंतुलन करा. आकाशात हिरवट झाक उरलीच, तर सॉफ्टवेअरमध्ये तेजोमेघ झाकणारा मास्क लावून फक्त पार्श्वभूमीतून काढा.

फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढण्यासाठी) टाळू नका. आणि फोकस संध्याकाळी एकदाच करून झोपू नका: तापमान उतरलं की नळी आकसते, म्हणून मी दर तासाला दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क (फोकस अचूक आहे का ते दाखवणारी फटींची जाळी) लावून तपासतो.