पॅकेज उतरवायच्या आधी मशीनला विचारा: प्रोसेसर कुठला, सिस्टीम किती बिटची, जीलिबसी कितवी

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर घ्यायला गेलं की डाउनलोडच्या पानावर सात-आठ फाइल्स दिसतात, एकीच्या नावात एएमडी६४, दुसरीच्या आर्म६४, तिसरीच्या मस्ल, चौथीच्या जीएनयू, आणि बरेच जण वरची पहिली उचलून मोकळे होतात. चालली तर चालली, नाही तर एररचा फोटो ग्रुपवर, आणि मग कुणीतरी सांगणार की सगळं फॉरमॅट मारून नवीन टाक. एवढं करायची गरज बहुतेक वेळा नसते. तीन गोष्टी आधी बघून घ्यायच्या: प्रोसेसर कुठल्या जातीचा आहे, त्याच्यावर बसवलेली सिस्टीम किती बिटची आहे, आणि सी लायब्ररी, म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्या आधाराने चालतात ती मूळ लायब्ररी (बहुतेक लिनक्सवर जीलिबसी), कुठली आणि किती जुनी आहे. या तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि खरी गडबड तिथंच होते.

कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या, जिथे कॅपिटल लागतं तिथे सांगतो.

पहिली कमांड सगळ्यांना माहीत असलेली, यूनेम -एम. एक्स८६_६४ आलं तर इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर, एआर्क६४ आलं तर ६४ बिट आर्म, आय६८६ म्हणजे ३२ बिट इंटेलवाली जुनी सिस्टीम, आर्मव्ही७एल म्हणजे ३२ बिट आर्म. आता डेबियन आणि उबुंटू यालाच वेगळी नावं देतात, एक्स८६_६४ ला एएमडी६४ म्हणतात आणि एआर्क६४ ला आर्म६४. माझा लॅपटॉप इंटेलचा आहे मग एएमडी६४ ची फाइल कशी चालेल, असं नवीन लोक नेहमी विचारतात. बिनधास्त चालते, ही ६४ बिटची पद्धत एएमडीने आधी आणली म्हणून ते नाव राहिलंय एवढंच.

पण यूनेमवर थांबू नका. ती कमांड कर्नलबद्दल, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याबद्दल सांगते, वरच्या सिस्टीमबद्दल नाही. रास्पबेरी पाय ४ हे याचं एकदम नेमकं उदाहरण: २०२३ पासून तिथे ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस टाकली असली तरी कर्नल ६४ बिटचा बूट होतो, त्यामुळे यूनेम एआर्क६४ दाखवतं, तुम्ही खुशाल आर्म६४ ची फाइल उतरवता आणि ती काही केल्या चालत नाही कारण कर्नलच्या वरच्या सगळ्या लायब्ररी ३२ बिटच्या आहेत. म्हणून डेबियन-उबुंटूच्या घरातल्या कुठल्याही सिस्टीमवर डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर ही कमांड चालवा आणि तिचं उत्तर खरं माना. तिथे आर्मएचएफ आलं तर तुमची सिस्टीम ३२ बिटची, विषय संपला. कुठल्याही डिस्ट्रोवर (लिनक्सच्या कुठल्याही प्रकारावर) चालेल असं हवं असेल तर गेटकॉन्फ लाँग_बिट, यातला लाँग_बिट पूर्ण कॅपिटलमध्ये, उत्तर थेट ३२ किंवा ६४ येतं. फेडोरा, रेड हॅट, रॉकी, अल्मा वापरत असाल तर आरपीएम -क्यू जीलिबसी टाका, एकाच ओळीत लायब्ररीचं व्हर्जन आणि आर्किटेक्चर दोन्ही मिळतं.

आता प्रोसेसरची जात जुळली तरी पिढी जुळेलच असं नाही, आणि हे जुन्या ऑफिस पीसीवर किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर खूप भोवतं. एक्स८६-६४ चे चार स्तर ठरलेले आहेत, व्ही१ ते व्ही४. व्ही२ ला एसएसई४.२ वगैरे लागतं, व्ही३ ला एव्हीएक्स२, व्ही४ ला एव्हीएक्स५१२, ही सगळी प्रोसेसरला कळणाऱ्या जादा सूचनांच्या संचांची नावं. रेड हॅट ९ ला किमान व्ही२ लागतो आणि रेड हॅट १० ला व्ही३, म्हणजे इंटेलच्या बाजूने बघितलं तर साधारण २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचे कोर सिरीजवाले, त्याच काळातले पेंटियम-सेलेरॉन धरू नका कारण त्यांच्यात एव्हीएक्स बंद ठेवलेलं होतं. नुसतं पॅकेजपुरतं बघायचं तर मोंगोडीबी ५.० पासून एव्हीएक्स मागतं, टेन्सरफ्लोच्या तयार बायनरी (आधीच कंपाइल करून दिलेल्या फाइल्स) १.६ पासून. नसेल तर प्रोग्राम सुरू होताहोताच इल्लीगल इन्स्ट्रक्शन एवढे दोन शब्द छापून मरतो, आणि लोक रॅम तपासत बसतात.

तपासायला एलएससीपीयू चालवा आणि फ्लॅग्सच्या ओळीत एव्हीएक्स२ शोधा. याहून सोपं म्हणजे लोडरलाच (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणाऱ्यालाच) विचारायचं: /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --हेल्प, शेवटी शेवटी व्ही२, व्ही३ च्या पुढे सपोर्टेड लिहून येतं, पण हे जीलिबसी २.३३ किंवा पुढची असेल तरच. व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर अजून एक बघा. खालचा प्रोसेसर नवाकोरा असतो पण हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, जसं प्रॉक्समॉक्स) आत जुना, साधा प्रोसेसर दाखवतो, प्रॉक्समॉक्स ८ मध्ये नवीन मशीनला जो डिफॉल्ट सीपीयू टाइप मिळतो त्यात एव्हीएक्स नाहीये, टाइप बदलून होस्ट केला की काम होतं.

आता मुख्य विषय, सी लायब्ररी. मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. एलडीडी --व्हर्जन टाका, पहिल्या ओळीच्या शेवटी जो आकडा येतो ती तुमची जीलिबसी. सेंटओएस ७ वर २.१७, उबुंटू १८.०४ वर २.२७, रेड हॅट ८ आणि डेबियन १० वर २.२८, उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर २.३१, रेड हॅट ९ वर २.३४, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६, उबुंटू २४.०४ वर २.३९. हे आकडे दशांश नाहीत हं, २.५ ही २.१७ पेक्षा जुनी आहे, स्क्रिप्ट लिहिताना साधी तुलना केली तर उलटं उत्तर येईल, सॉर्ट -व्ही वापरा, त्यातला व्ही कॅपिटल.

नियम एकच: जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नवीनवर चालतो, नवीनवर बांधलेला जुन्यावर चालेल याची खात्री नाही. प्रत्येक फंक्शनला ते कुठल्या व्हर्जनमध्ये आलं किंवा बदललं त्याचा शिक्का असतो आणि लोडर सुरुवातीलाच शिक्के तपासतो. म्हणूनच जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड अशी एरर येते. यातला २.३४ हा आकडा इतका वारंवार का दिसतो तर ऑगस्ट २०२१ च्या त्या व्हर्जनमध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला, त्यामुळे त्यानंतरच्या सिस्टीमवर बांधलेला अगदी चार ओळींचा प्रोग्रामसुद्धा साधारण २.३४ मागतोच. नोड १८ च्या अधिकृत बायनरीला २.२८ लागते, म्हणून सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ वर ती उठत नाही.

उतरवलेली फाइल काय मागते हे चालवायच्या आधीच कळतं. आधी फाइल ही कमांड त्या बायनरीवर चालवा, ६४ बिट आहे का, आर्म की एक्स८६, आणि इंटरप्रिटर, म्हणजे लोडर, कुठला हे येतं. मग ऑब्जडम्प -टी, यातला टी कॅपिटल, त्याचं आउटपुट ग्रेपमधून जीएलआयबीसी_ (सगळं कॅपिटल) शोधायला द्या, जो सगळ्यात मोठा आकडा दिसेल तेवढी तरी तुमच्याकडे हवी. एलडीडी मात्र अनोळखी फाइलवर चालवू नका, काही वेळा ती फाइल खरोखर चालू होऊ शकते.

अल्पाइन ही डिस्ट्रो वापरणाऱ्यांसाठी वेगळं. तिथे जीलिबसी नसतेच, मस्ल ही दुसरी सी लायब्ररी असते. जीलिबसीवाली बायनरी तिथे टाकली की शेल म्हणतो नॉट फाउंड, आणि एलएस मारलं तर फाइल समोर दिसते. न सापडलेली वस्तू फाइल नसून तिचा लोडर असतो. डॉकरमध्ये हे फार होतं, कारण कंटेनरमध्ये यूनेम होस्टचा कर्नल सांगतं पण लायब्ररी इमेजच्या असतात, त्यामुळे तपासणी कंटेनरच्या आत जाऊनच करा. उलट एक्झेक फॉरमॅट एरर आली तर ती लायब्ररीची भानगडच नाही, प्रोसेसरची जात चुकलीय.

पायथॉनवाल्यांना व्हीलच्या, म्हणजे तयार बांधलेल्या पॅकेजच्या, नावातच सगळं लिहिलेलं असतं. मेनीलिनक्स_२_२८_एक्स८६_६४ म्हणजे जीलिबसी किमान २.२८ आणि ६४ बिट इंटेल-एएमडी, मेनीलिनक्स२०१४ म्हणजे २.१७, मस्ललिनक्स म्हणजे अल्पाइनसारख्यांसाठी. पिप डीबग --व्हर्बोज टाकलं की तुमच्या मशीनला चालणाऱ्या टॅगची पूर्ण यादी येते. पिप २०.३ पेक्षा जुना असेल तर त्याला ही नवीन पद्धतीची नावं कळतच नाहीत, आधी पिप अपडेट करा. जुळणारं व्हील नसलं की पिप गुपचूप सोर्स उतरवून कंपाइल करायला लागतो आणि तुम्हाला जीसीसीच्या दोनशे ओळी दिसतात, मूळ कारण त्यात कुठेच नसतं. --ओन्ली-बायनरी=:ऑल: लावून बघा, व्हील नाही हे स्पष्ट कळेल.

आणि आता कळकळीने सांगतो, सिस्टीमची जीलिबसी हाताने बदलायला जाऊ नका. एलएस, बॅश, सुडो, सगळं तिच्यावर उभं आहे, घराचा पाया काढून नवा घालण्यासारखं आहे ते, अर्ध्यात चुकलं तर लॉगिनसुद्धा होत नाही. दुसरीकडची डीईबी फाइल आणून जबरदस्तीने बसवणं किंवा एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारी सेटिंग) नवीन लायब्ररीकडे वळवणं हेही नको, लोडर एका व्हर्जनचा आणि लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनची झाली की सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. त्याऐवजी त्याच सॉफ्टवेअरची नावात मस्ल असलेली स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी पोटातच घेतलेली, बायनरी आहे का बघा, रस्टमध्ये लिहिलेली बरीच टूल्स ती देतात आणि ती कुठल्याही डिस्ट्रोवर चालते, फक्त प्रोसेसर जुळला पाहिजे. नसेल तर कंटेनरमध्ये नवीन डिस्ट्रो घेऊन त्यात चालवा. तेही नको तर सॉफ्टवेअरचं मागचं व्हर्जन घ्या. आणि सेंटओएस ७ वरच असाल तर तिचे अपडेट ३० जून २०२४ लाच थांबलेत, तिथे खरा उपाय सिस्टीम बदलणं हाच आहे.

एररमध्ये जीएलआयबीसीच्या पुढे दोन एक्स दिसले तर ती वेगळी लायब्ररी, सी प्लस प्लसची. जीसीसी ११ बरोबर ३.४.२९ येते, १२ बरोबर ३.४.३०. स्ट्रिंग्ज कमांड लिबएसटीडीसी++.एसओ.६ वर चालवून ग्रेप केलं की तुमच्याकडची यादी दिसते. कोंडा (पॅकेजं वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवणारं टूल) वापरणाऱ्यांकडे ही लायब्ररी दोन ठिकाणी असते, एक सिस्टीमची, एक एन्व्हायर्नमेंटची, आणि प्रोग्राम नेमकी कुठली उचलतोय ते आधी बघा.

तरीही अडलात तर विचारताना फोटो नको, मजकूर टाका: यूनेम -एम, डीपीकेजी किंवा आरपीएमचं उत्तर, एलडीडी --व्हर्जनची पहिली ओळ, उतरवलेल्या फाइलचं पूर्ण नाव आणि एररची जशीच्या तशी ओळ.