जुनी डिझेल गाडी तळणाच्या तेलावर चालवायची तर

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझी जुनी अडीच लिटर इंजिनाची डिझेल मर्सिडीज, डब्ल्यू १२४ मॉडेलची, वापरलेल्या रेपसीड तेलावर चालते. हे तेल मोहरीच्याच कुळातलं. पैसे खरंच वाचतात, पण तेल साफ करण्याचा कंटाळा नसेल तरच.

आधी बॉनेट उघडून इंधनाचा पंप बघा. बॉशचा इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या, सगळे एका रांगेत) आणि प्रीचेंबरचं इंजिन (इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं असं) असेल तर पुढे जा. ल्यूकासचा रोटरी पंप (एकच फिरता पंप सगळ्या सिलिंडरना इंधन वाटतो असा) असेल तर या फंदात पडू नका, थंडीत दाट तेलाने तो जाम होतो. कॉमन रेल, म्हणजे खूप जास्त दाबाने इंधन सोडणाऱ्या नव्या डिझेल गाडीचं तर नावच काढू नका.

तेल मागण्याआधी दुकानात कशात तळतात ते विचारा. यॉर्कशरकडे चिप्सवाले बरेचदा गाईच्या चरबीत तळतात, ती थंडीत गोठते. पामतेलाचंही तेच. आणि दुसऱ्याचं वापरलेलं तेल वाहून नेणं इथल्या कायद्याने कचऱ्याची वाहतूक ठरते. त्याची नोंदणी आधी करून घ्या.

खरं काम यापुढचं. डबे दोन-तीन आठवडे अजिबात हलवायचे नाहीत. मग वरचं तेल काढून घ्यायचं, तळाचा गढूळ भाग सोडून द्यायचा. काढलेलं तेल ६० अंशांपर्यंत तापवून रात्रभर ठेवलं की पाणी खाली बसतं. सकाळी तळाच्या तोटीने ते सोडायचं. गाळायचं मात्र गार झाल्यावरच. गरम तेलात विरघळलेली चरबी गाळणीतून निसटते आणि टाकीत जाऊन गोठते. आधी ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळायची पिशवी, मग १ मायक्रॉनची.

पाण्याची परीक्षा कढईत करा. कढई चांगली तापवून चमचाभर तेल सोडा आणि कान देऊन ऐका. फोडणीत ओली कढीलिंबाची पानं पडल्यासारखं तडतडलं, बारीक बुडबुडे आले, तर पाणी शिल्लक आहे. पुन्हा तापवा. तेल गुपचूप पसरलं तरच ते गाडीत घाला. पाणी पंपाचा आणि नोझलचा (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोंडाचा) जीव घेतं, त्यामुळे इथे घाई केलेली मला कुणाचीच आवडत नाही.

४० अंशांना हे तेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असतं. म्हणून माझ्या डिकीत दुसरी टाकी आहे, इंजिनाच्या गरम पाण्याने तापणारी. गाडी डिझेलवर सुरू करायची, पाणी तापलं की तेलावर न्यायची, बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर आणायची. दुसरी टाकी नसेल तर उन्हाळ्यात निम्मं तेल, निम्मं डिझेल. गारठा पडला की पाचवा हिस्सा तेल पुरे, आणि बर्फाच्या दिवसांत नुसतं डिझेल. जुन्या टाकीतला गाळ तेलाने सुटतो, तेव्हा सुरुवातीला जादा डिझेल फिल्टर गाडीत ठेवा. इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला. न जळलेलं तेल त्यात उतरून ते घट्ट होतं.

२००७पासून ब्रिटनमध्ये वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन वापरलं तर त्यावर कर नाही, पण वहीत लिटर लिहून ठेवा. विमा कंपनीलाही कळवा. लंडनमध्ये जुन्या डिझेल गाडीला प्रदूषणापोटी दिवसाला साडेबारा पाउंड पडतात, तेलावर चालवली तरी. रोज तिकडे जाणाऱ्याने हा खटाटोप करू नये. महाराष्ट्रात तर नवं खाद्यतेल डिझेलपेक्षा महाग, तिथे ते ओतण्यात काहीच हशील नाही.