पोलिसांत न जाता गावातच मदत शोधताय? या चुका टाळा

"त्याले जेलात नोका टाकू जी. फक्त मारनं बंद करा."

तान्हा पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसून एक बाई मला हे म्हणाली. डाव्या हातात एकही बांगडी शिल्लक नव्हती, मनगटावर काचेचे बारीक ओरखडे होते. मांडीवर पोरगी होती. मुठीत तिच्या लसीकरणाचं कार्ड चुरगळलेलं होतं. घरातून निघताना तेवढंच हाती लागलं होतं.

मी तेव्हा गावच्या तंटामुक्त समितीची सदस्य होते. तिला म्हटलं, आज घरी जा बाई, रविवारी समिती बसते, तेव्हा ये. रविवारी ती आलीच नाही. तिचा नवरा आला, सोबत दोन माणसं. म्हणाला, आमचं मिटलं. आम्ही वहीत "तंटा मिटला" असं लिहून खाली सह्या केल्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांत पोलीस ठाणं पंधरा-वीस किलोमीटरवर असतं. अंतरापेक्षाही लोकांना पुढची भीती जास्त वाटते. नवरा आत गेला तर मजुरी कोण आणणार, केस लागली तर तारखांना कापूसवेचणी बुडवून कोण जाणार, गावात तोंड कसं दाखवायचं. या भीतीत तथ्य आहे. म्हणूनच पोलिसांशिवायचे रस्ते माहीत असायला हवेत. ते रस्ते आहेत, पण शोधताना ठरावीक चुका होतात आणि त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

भांडणाच्या रात्री नंबर शोधणं

रात्री साडेदहाला घरात आरडाओरडा चालू असताना कोणी फोनवर "महिला मदत केंद्र" शोधू नये. तिथे दहा नंबर दिसतात, त्यातले निम्मे बंद. शिवाय त्या वेळी हात थरथरत असतात.

हे काम आधी, शांत दिवशी करून ठेवायचं. नंबर थोडेच आहेत. महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८, म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, मनाच्या त्रासासाठी १४४१६, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. रुग्णवाहिका १०८. वावरात वाघ, बिबट, रानडुक्कर किंवा घरात साप निघाला तर वनविभागाचा १९२६. आणि जीवावर बेतलं तर ११२. तिथे मागेपुढे पाहायचं नाही.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी हे नंबर रेशन कार्डाच्या पाठीमागे लिहून ठेवलेत. ही कल्पना मला फार पटली. मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो, त्याचा रिचार्ज संपलेला असतो, पण रेशन कार्ड कुठल्या डब्यात आहे हे घरातल्या बाईला अंधारातही माहीत असतं.

नंबरांइतकीच गरज ओळखीच्या माणसांची असते. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), पोलीस पाटील, बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष यांपैकी निदान दोघांशी अडचण नसताना बोलून ठेवा. घरातल्या मारझोडीच्या तक्रारी पाहणारे संरक्षण अधिकारी तालुक्याला कुठे बसतात, हे अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला विचारा. महिला व बालविकास विभागाचंच काम असल्याने तिला हे ठाऊक असतं किंवा ती एका फोनवर सांगू शकते.

प्रत्येक भांडण तंटामुक्त समितीपुढेच नेणं

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. मला या समितीबद्दल आदर आहे. नालीचं पाणी, बकरीने खाल्लेली तूर, भावाभावांतली वाटणी, उसनवारी असे तंटे तिथे खरंच सुटतात. पण समिती म्हणजे सगळ्या दुखण्यांवरची एकच गोळी नव्हे.

धुऱ्याचंच, म्हणजे शेताच्या बांधाचंच घ्या. पेरणीच्या तोंडावर एकाने धुरा चार सरी आत नांगरला की दुसरा ठाण्यात जाऊन एनसी करतो. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. त्या कागदाने धुरा इंचभरही हलत नाही. समितीत बसवलं तरी दोघं आपापल्या आज्याच्या आठवणी सांगतात. इथे हवी असते भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. अर्ज द्यायचा, फी भरायची, मोजणीच्या दिवशी दोन्ही शेजारी हजर राहतील हे पाहायचं. हद्दीच्या खुणा दिसल्या की अर्धं भांडण तिथल्या तिथे विरतं, हे मी पाहिलंय. उरलेलं अर्धं समितीला मिटवता येतं, कारण आता हातात नकाशा असतो.

वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर गाठायचं तहसीलदाराला. १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा त्यासाठीच आहे. पण रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोक ठाणं, समिती, आमदाराचं घर अशा चकरा मारत हे सहा महिने घालवतात आणि मग तहसीलमध्ये "मुदत गेली" ऐकून परततात. मुळात रस्ताच नसेल आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून नवा मागायचा असेल, तर तो अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, तोही तहसीलदाराकडेच.

सावकार दारात येऊन बसतो तेव्हा समितीत तक्रार करण्यात अर्थ नसतो. बऱ्याचदा सावकाराचाच माणूस तिथे बसलेला असतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने हे काम सहकार खात्याच्या निबंधकांकडे दिलंय. तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्या. कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली असेल, कर्जापोटी वावराची खरेदी करून घेतली असेल, तर तेही लिहा. दिलेल्या पैशाची टिपणं, चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज, जे असेल ते जोडा.

म्हाताऱ्या आईबापाला मुलं पाहत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरू शकतो. तिथे वकील लावावा लागत नाही, त्यामुळे आजीला स्वतःचं म्हणणं स्वतःच्या बोलीत मांडता येतं.

बालविवाह ठरल्याचं कळलं तर ग्रामसेवकाला गाठा. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, हे अनेक गावांत कोणाला माहीतच नाही. अक्षता पडायच्या आधी कळवलं तर पोरीचं शिक्षण वाचतं, आणि मांडवात पोलीस येण्याची वेळही बहुधा येत नाही.

दबावाला तडजोड समजणं

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

नवरा-बायकोला समोरासमोर बसवून, भोवती वीस माणसं जमवून "आता नांदशील ना?" असं विचारलं तर बाई हो म्हणते. ती दुसरं काय म्हणणार? रात्री त्याच घरात तिला परत जायचं असतं. आम्ही त्या होकाराला समेट म्हणत आलो.

मारझोडीच्या प्रकरणात बाईशी आधी एकटीशी बोललं पाहिजे. सासरचं कोणी नको, सरपंचही नको. तिला काय हवंय ते तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं. ओट्यावरच्या त्या बाईला हवं होतं ते देणारा कायदा तेव्हाही होता. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात नवऱ्याला थेट अटक होत नाही. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतात आणि न्यायदंडाधिकारी "मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्च द्यायचा" असे आदेश देऊ शकतात. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो. म्हणजे आधी मारणं थांबवायचा प्रयत्न, आणि तुरुंगाची गोष्ट त्यानंतर. ती अगदी हेच मागत होती आणि मला ते माहीत नव्हतं. विधवा सुनेला, अविवाहित बहिणीला, आईलाही या कायद्याचा आधार घेता येतो.

त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. दवाखाना, समुपदेशन, वकील आणि थोड्या दिवसांचा आसरा एकाच जागी मिळतो. १८१ वरून तिथपर्यंत पोहोचता येतं. महिला व मुलांसाठीचे विशेष सहाय्य कक्ष अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारात असतात, म्हणून बायका पाटी पाहून मागे फिरतात. पण तिथे बसणाऱ्या ताई समाजकार्य शिकलेल्या असतात, पोलीस नसतात. तिथे नुसतं बोलायला गेलं म्हणून केस लागत नाही.

समेट खरा असेल तर तो लेखी असावा. तारीख, अटी, दोघांच्या सह्या आणि दोघांकडे एकेक प्रत. पैशाचा किंवा वाटणीचा तंटा असेल तर तालुका विधी सेवा समितीमार्फत तो लोकअदालतीत ठेवा. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ असतं, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फीही नाही. समितीच्या वहीतली नोंद उद्या समोरचा फिरला की तिथेच राहते.

काही गोष्टी मिटवायच्याच नसतात. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, बलात्कार असेल, जातीवरून अत्याचार असेल, हुंड्यासाठी जाळण्याचा प्रयत्न असेल, तर तिथे समिती नाही, बैठक नाही. मुलांच्या बाबतीत तर अत्याचाराची माहिती असून न कळवणं हाच पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. "गावची अब्रू" म्हणून असं प्रकरण दाबणाऱ्यांच्या शेजारी मी बसणार नाही, तुम्हीही बसू नका.

तसंच जातपंचायत. काही समाजांत आजही तिच्याकडेच आधी जातात. ती दंड लावते, जेवण मागते, ऐकलं नाही तर वाळीत टाकते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. पोलिसांना पर्याय शोधताना या दारात जाऊ नका.

मनाच्या दुखण्याला भांडण समजणं

एखादा माणूस चार रात्री झोपत नाही, स्वतःशी बोलतो, भिंतीवर दगड मारतो. शेजारी म्हणतात, पोलीस बोलवा नाहीतर बाबाकडे न्या. दोन्ही चूक. त्याला डॉक्टर हवा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. घरच्यांनीही फोन केला तर चालतो, हे मुद्दाम सांगते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. पोलिसांना बोलवावंच लागलं तर ध्यानात ठेवा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही, दवाखान्यातच न्यावं लागतं.

कर्ज आणि नापिकीने खचलेला माणूस "आता काही उरलं नाही" असं म्हणायला लागला, तर त्याला समजावत बसण्याआधी घरातली फवारणीची औषधं उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. मग त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, ऐकून घ्या. त्याला एकटं सोडू नका. आशाताईला सांगा. विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन, मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवायचा नाही.

दारूबद्दल एकच. नशेत असलेल्या माणसाशी त्या रात्री समेटाचं बोलू नका. बायका-मुलांना शेजारी हलवा, सकाळी बोला. व्यसनमुक्तीच्या उपचाराची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. गडचिरोलीत असाल तर दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ उपक्रमाची तालुका क्लिनिक आहेत.

फोन लागत नाही, साहेब भेटत नाहीत

१८१ व्यस्त लागला तर पाच मिनिटांनी पुन्हा लावा. तोवर धोका वाढला तर सरळ ११२. रेंज नसलेल्या पाड्यावर कुठल्या टेकाडावर फोन लागतो ते आधी पाहून ठेवा.

कार्यालयात साहेब नसतील तर तोंडी निरोप ठेवून परतू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. शिक्का नसलेल्या अर्जासाठी पुढे भांडायला काहीच हाती राहत नाही. तालुक्याला दाद लागली नाही तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आहेत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांनाही मिळतो.

समितीत समोरच्याचाच भाऊ बसला असेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि त्याने त्या दिवशी उठावं असा आग्रह धरा. नाही उठला तर तुम्ही उठा. समितीपुढे बसण्याची सक्ती कोणावरही नाही.

ती तान्हा पोळ्याची बाई दीड वर्षाने माहेरच्या तालुक्यातून संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. तिच्या आईच्या बचत गटातल्या एका ताईने नेलं. आता ती माहेरच्या गावात वेगळी खोली करून राहते, खर्चाचा आदेश मिळालाय, पोरगी शाळेत जाते. मला हे कळलं तेव्हा मी समितीची जुनी वही काढली आणि त्या नोंदीखाली आजची तारीख टाकून लिहिलं: तंटा मिटला नव्हता, बाईशी कोणी एकटीशी बोललं नव्हतं.