महाधमनीचं ऑपरेशन झालंय? मग पायांकडे लक्ष ठेवा
महाधमनी (हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) फुगली किंवा तिचा आतला थर फाटला की मज्जारज्जूचा (पाठीच्या कण्यातून जाणारा, पायांना हलवणारा नसांचा जुडगा) रक्तपुरवठा तुटू शकतो, कारण त्याला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या तिच्यातूनच निघतात. छातीत-पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली आणि पाय लुळे पडले तर मालिश-शेक करत बसू नका हो, सरळ १०८ लावा.

महाधमनीच्या ऑपरेशन किंवा स्टेंटनंतरही हाच धोका असतो, म्हणून पेशंट शुद्धीवर आला की दोन्ही पाय हलवायला सांगा, आणि पुढचे काही दिवस सांगतच राहा, कारण आधी नीट हलणारे पायसुद्धा नंतर ढिले पडू शकतात. थोडा जरी फरक वाटला तर रात्रीचे ३ वाजलेले असू देत, नर्सला लगेच सांगा, बीपी वाढवून, कमरेतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून ताकद परत येऊ शकते, पण उशीर झाला की फार अवघड.